वेरूळची हिंदू लेणी एका दिवसात नीट कशी पाहावीत?

प्रश्न असा आहे: डिसेंबरात वेरूळसाठी एकच दिवस हाताशी आहे. सोबत सत्तरीतले आईवडील आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं. मूर्तिशास्त्र येत नाही, पण दोन तासांत ‘कैलास बघितला’ म्हणून परतायचंही नाही. मग कोणत्या क्रमाने काय पाहावं?

आधी काय सोडायचं ते ठरवा. वेरूळला क्रमांक दिलेली लेणी ३४. दक्षिणेकडची १ ते १२ बौद्ध, मधली १३ ते २९ हिंदू, उत्तरेची ३० ते ३४ जैन. डोंगराच्या कड्यात ती साधारण दोन किलोमीटरच्या रांगेत पसरली आहेत. एका दिवसात चौतीसही पाहायला निघालेली मंडळी बाराच्या सुमारास थकतात आणि मग उरलेली लेणी नुसत्या दारातून बघून पुढे सरकतात. तुम्हाला हिंदू लेणी पाहायची आहेत, तर पाचच घ्या: १६, १४, १५, २१ आणि २९. वेळ उरलाच तर २५ मध्ये डोकावा. तिथे गर्भगृहासमोरच्या छतावर रथातला सूर्य कोरलेला आहे. बौद्ध आणि जैन लेण्यांसाठी वेगळा दिवस द्या. दहाव्या लेण्यातलं विश्वकर्मा चैत्यगृह किंवा बत्तिसाव्यातली इंद्रसभा धावत बघण्याच्या योग्यतेची नाही.

क्रमांकांबद्दल एक गैरसमज इथेच दूर करू. हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे सरळ ओळीने दिलेले आहेत, लेण्यांच्या वयाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. २१ आणि २९ ही १६ पेक्षा दीड-दोनशे वर्षांनी जुनी आहेत. आकड्यांच्या मागे गेलात तर कोरीवकाम कसं कसं बदलत गेलं याचा धागाच हाती लागत नाही.

वार पाहून निघा. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. या दोन दिवसांची अदलाबदल करून मंगळवारी दारापर्यंत पोहोचलेली कुटुंबं नेहमी दिसतात. लेणी सूर्योदय ते सूर्यास्त उघडी असतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि तिकीटखिडकी त्याआधी बंद होते. भारतीयांसाठी तिकीट ४० रुपये आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दारावरचा क्यूआर कोड स्कॅन करूनही तिकीट काढता येतं. मात्र गर्दीत नेटवर्क मिळेलच असं नाही, त्यामुळे मुक्कामावरच काढून ठेवलेलं बरं. छत्रपती संभाजीनगरहून अंतर सुमारे ३० किलोमीटर. दौलताबाद मागे टाकून खुलताबादच्या घाटाने रस्ता जातो. कन्नडकडे जाणाऱ्या एसटी वेरूळवरून जातात. शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांत दहानंतर या घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून सातच्या आत शहर सोडा. येताना दौलताबादचा किल्लाही उरकू असा मोह होतो. आईवडील सोबत असताना तो टाळा. तो किल्ला चढण्यात अर्धा दिवस जातो.

मूर्तिशास्त्र येत नाही याची चिंता करू नका. या पाच लेण्यांत त्याच त्या पाच-सहा कथा पुन्हा पुन्हा कोरल्या आहेत. त्यातल्या दोन निवडा आणि दिवसभर त्यांचाच माग काढा. पहिली, कैलास हलवणारा रावण. दुसरी, शिवपार्वतीचा सारीपाट. पहिली १४, १६, २१ आणि २९ या चारही लेण्यांत सापडते. सारीपाट १४, २१ आणि २९ मध्ये आहे. एकच प्रसंग तीन-चार हातांनी घडवलेला शेजारी शेजारी ठेवून पाहिला की शिल्पकाराने काय बदललं हे डोळ्यांना आपोआप कळू लागतं. नावांची यादी पाठ करून हे येत नाही. शिवाय मुलांना शोधायला काहीतरी मिळतं आणि ती कंटाळत नाहीत.

शिल्पपट वाचायची रीत सोपी आहे. सगळ्यात मोठी आकृती कोणाची ते आधी पाहा. मग तिचा मुकुट बघा: जटा असतील तर शिव, उंच नक्षीदार किरीट असेल तर बहुतेक विष्णू. त्यानंतर हात आणि हातांतल्या वस्तू. त्रिशूळ, नाग, डमरू ही शिवाची खूण, शंख-चक्र-गदा विष्णूची. शेवटी सगळ्यात खालचा थर पाहा, कारण वाहन आणि कथेचा नेमका दुवा बहुतेक वेळा तिथेच असतो. रावण खालीच असतो, पर्वताखाली, अनेक डोकी आणि पसरलेले हात घेऊन. सारीपाटाच्या शिल्पात वर शिवपार्वती खेळत बसलेली असतात आणि खाली गण नंदीला छळत असतात. कोणी शेपूट ओढतं, कोणी अंगावर चढतं. अंधकासुरवधात शिवाच्या मागे हत्तीचं कातडं ताणलेलं दिसतं आणि एका हातात रक्त झेलायचं पात्र असतं. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला तर त्यातून नवा असुर उभा राहतो, म्हणून ते पात्र. विवाहाच्या पटात ब्रह्मदेव पुरोहित होऊन अग्नीपाशी बसलेला असतो. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्याहून अधिक पट तुम्हाला ओळखता येतील.

आता क्रम. सकाळी दार उघडल्यावर आधी कैलास, म्हणजे १६ वं लेणं. पण थेट आत जाऊ नका. कैलासाकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताने, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने, डोंगरावर जायची वाट आहे. रक्षकाला विचारून, वाट उघडी असेल तर मुलांना घेऊन आधी वर जा. आईवडिलांना खाली अंगणात बसू द्या. वरची वाट दगडगोट्यांची आहे आणि काही ठिकाणी कडा अगदी जवळ येतो. मुलांचा हात सोडू नका, काठावर सेल्फी काढू नका. तीस मीटर खोल खड्डा आहे तो.

वर जाण्याचा आग्रह एवढ्यासाठी की कैलास बांधलेला नाही, तो डोंगरातून मोकळा केलेला आहे, आणि हे खालून नुसतं ऐकायला मिळतं, वरून मात्र प्रत्यक्ष दिसतं. डोंगराचा उतार पश्चिमेकडे आहे. त्यात आधी कड्याला काटकोनात दोन लांब चर खोदले आणि मागून तिसऱ्या चराने ते जोडले. मधे कातळाचा एक प्रचंड ठोकळा सुटा झाला. मग वरून खाली येत शिखर, मंडपाचं छत, भिंती आणि शेवटी पाया असं काम उतरत गेलं. म्हणून इथे परांची बांधायची गरज पडली नाही. पाथरवट ज्या दगडावर उभा होता तोच दगड त्याचं व्यासपीठ होता. याची दुसरी बाजूही आहे. वरच्या थरात चुकलेली छन्नी खाली येऊन दुरुस्त करता येत नाही, दगड परत चिकटवता येत नाही. सबंध मंदिराचं माप पहिला घाव घालण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. काठावरून मंडपाच्या छताकडे पाहा. मोठं कमळ आणि त्यावर चार दिशांना तोंड करून चार सिंह आहेत. अंगणात उभं राहिलं की हे दिसतच नाही.

राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचं व्रत केलं आणि पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने वरून कोरायला घेऊन तिचं व्रत लवकर सोडवलं, अशी दंतकथा मराठीत चालत आली आहे. इतिहास म्हणून ती घेऊ नका. पण मंदिर शिखरापासून खाली उतरत आलं ही आठवण लोकांनी किती अचूक जपली ते तीत दिसतं. इतिहासाचा पुरावा ताम्रपटात आहे. राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्काच्या इ. स. ८१२-१३ च्या ताम्रपटात कृष्णराजाने एलापूरला, म्हणजे वेरूळला, उभारलेल्या शिवमंदिराचं वर्णन येतं. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि खुद्द शिल्पी ‘हे मी कसं केलं’ म्हणून आश्चर्य करतो, असा त्याचा आशय. हा कृष्णराजा म्हणजे पहिला कृष्ण, आठव्या शतकाच्या तिसऱ्या चरणातला.

वीस-पंचवीस मिनिटांत खाली या आणि गोपुरातून आत शिरा. समोरच गजलक्ष्मी आहे, कमळांच्या तळ्यात बसलेली, वरून हत्ती तिला पाणी घालताहेत. इथे लगेच उजवी-डावी न करता दोन मिनिटं उभे राहा आणि मांडणी समजून घ्या. अंगण सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद. सरळ रेषेत आधी गोपुर, मग नंदीमंडप, मग मुख्य मंदिर, आणि हे तिन्ही वरच्या मजल्यावर दगडी पुलांनी जोडलेले. नंदीमंडपाच्या दोन्ही बाजूंना एकेक ध्वजस्तंभ, पंधरा मीटरच्या आसपास उंच, आणि एकेक दगडी हत्ती. अंगणाच्या तिन्ही बाजूंनी कड्याच्या पोटात ओवऱ्या कोरल्या आहेत. आराखडा द्राविड पद्धतीचा आहे. कर्नाटकात पट्टदकलला चालुक्यांनी बांधलेलं विरूपाक्ष मंदिर ज्यांनी पाहिलंय त्यांना कैलास ओळखीचा वाटेल. चालुक्यांचा पाडाव करून राष्ट्रकूट वर आले आणि दक्षिणेची घडण दख्खनच्या कातळात उतरली.

प्रदक्षिणेच्या दिशेने चाला, म्हणजे मंदिर तुमच्या उजव्या हाताला राहील. गोपुरातून आत येऊन मंदिराकडे तोंड केलंत की आधी डावीकडची उत्तर बाजू लागते. इथे भिंतीवर महाभारताचा पट आहे, आडव्या पट्ट्यांत, आणि खालच्या ओळींत कृष्णाच्या बाललीला. दक्षिणेच्या बाजूला तसाच रामायणाचा पट. दोन्ही पट आकाराने लहान आणि गजबजलेले आहेत. ते हातभर अंतरावरून नाही, चार-पाच पावलं मागे सरून बघा. जवळून नुसती डोकी दिसतात, मागे गेलं की ओळी सुट्या होतात. रामायणात सेतू बांधणारी वानरं शोधायला मुलांना सांगा.

पायथ्याचा गजथर बघायला विसरू नका. सगळ्या बाजूंनी हत्ती आणि सिंह ओळीने उभे आहेत आणि वरचं सबंध मंदिर त्यांच्या पाठीवर पेललेलं दिसतं. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. गाईड याचं एकच कारण सांगतात, मूर्तिभंजन. तेही झालं आहे, पण प्रत्येक तुटलेला भाग त्याच खाती घालू नका. हा बेसाल्ट आहे, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. त्यात भेगा असतात आणि भेगांत पावसाचं पाणी शिरतं. सोंड, हात, छत्र असे सुटे, पुढे आलेले भाग आधी निखळतात. दक्षिणेकडच्या ओवऱ्यांपासून मंदिरापर्यंत एकेकाळी असलेला दगडी पूलही पडलेला आहे. त्याची तुटलेली टोकं वर पाहिलं की दिसतात.

दक्षिण बाजूला मंडपाच्या खालच्या भागात आपला रावण आहे, आणि इथे भरपूर वेळ द्या. शिल्पकाराने रावणाभोवतीचा दगड पोखरून खोल पोकळी केली आहे. त्या अंधारात त्याचं धड आणि पसरलेले हात जवळजवळ सुटे उभे आहेत. वर उजेडात शिवपार्वती. पर्वत हललाय, पार्वती घाबरून शिवाचा हात धरते, दासी पळत सुटली आहे. शिव मात्र स्वस्थ बसून पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतोय. खालची सगळी धडपड अंधारात आणि वरची शांती उजेडात, हे कोरलेल्या खोलीने साधलं आहे, रंगाने नाही. हा पट बरोबर समोरून पाहू नका. डावीकडे सरका, मग उजवीकडे. रावणाचे हात किती आत गेलेत ते बाजूनेच कळतं.

भिंतींवर, छताच्या कडांना कुठे कुठे पांढरट गिलावा चिकटलेला दिसेल. तो चुना आहे. आज काळं दिसणारं हे मंदिर कधीकाळी पांढरं होतं आणि रंगवलेलंही होतं. रंगमहाल हे त्याचं जुनं नाव त्यावरूनच. वर मंडपाच्या भागात छतावर रंगाचे अवशेष अजून आहेत.

वर जायला मंडपाच्या दोन्ही बाजूंनी जिने आहेत. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या, आधार कमी. आईवडिलांचे गुडघे ठीक असतील तरच न्या, आणि उतरताना भिंतीच्या बाजूने तिरकं उतरू द्या. मंडपात चपला काढा. आत चार-चारच्या गटांत सोळा खांब आहेत आणि उजेड अगदी थोडा. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही. लोक याच वेळी मोबाइलचा टॉर्च लावतात, चार सेकंद बघतात आणि बाहेर पडतात. नुसते उभे राहा. डोळे सरावले की छताचा नटराज दिसतो, मग खांबांवरची नक्षी, मग गर्भगृहातलं मोठं शिवलिंग. मागच्या गच्चीवर मुख्य शिखराभोवती पाच लहान देवळं आहेत. ती प्रदक्षिणा सोडू नका, शिखर तिथून सगळ्यात जवळ दिसतं.

अंगणाच्या ओवऱ्यांत पटांची लांबलचक रांग आहे. दक्षिणेकडे विष्णूचे विषय जास्त: कालियामर्दन, वराह, वामन, गोवर्धनधारी कृष्ण, नरसिंह. उत्तरेकडे शिवाचे, आणि त्यात आपली डोकी एकेक करून शिवाला वाहणारा रावण. सकाळी जो पर्वत हलवत होता तोच इथे भक्त होऊन बसलाय, हे मुलांना जरूर दाखवा. उत्तर बाजूलाच नदीदेवतांचं छोटं देऊळ आहे: मकरावर गंगा, कासवावर यमुना, कमळावर सरस्वती. गर्दी इथे फिरकत नाही. वरच्या अंगाला लंकेश्वर लेणं आहे, बुटक्या भक्कम खांबांचं. पाय थकले असतील तर तेवढं सोडलं तरी चालेल.

साडेदहा-अकराच्या सुमारास शाळांच्या सहली येतात. त्या आत शिरल्या की तुम्ही बाहेर पडा. शेजारीच १५ आणि १४ आहेत.

१५ म्हणजे दशावतार. पायऱ्या बऱ्याच आहेत, आईवडिलांसाठी हे लेणं वगळा. अंगणात सुटा उभा मंडप आहे, त्यावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आहे. लेण्याचा आराखडा बौद्ध विहारासारखा दिसतो. काम बहुधा विहार म्हणून सुरू झालं आणि पुढे शैवांकडे आलं. थेट वरच्या मजल्यावर जा. डाव्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर शिवाचे पट आणि उजवीकडे विष्णूचे. हिरण्यकशिपूवर झेपावलेला नरसिंह नीट बघा. मारणारा आणि मरणारा दोघेही अजून उभे आहेत, झुंज संपलेली नाही, कोरलाय तो नेमका तोल जाण्याचा क्षण.

१४, रावण की खाई, जमिनीच्या पातळीवर आहे, आईवडिलांना सहज जमेल. उजव्या भिंतीवर महिषासुरमर्दिनी, सारीपाट, नटराज, रावण आणि अंधकासुर. डावीकडे दुर्गा, गजलक्ष्मी, वराह. रावणाची कैलासातल्या रावणाशी तुलना इथे करा. शिल्प भिंतीला धरून आहे, मागे पोकळी नाही, त्यामुळे ताकद हातांच्या रेषेतून दाखवावी लागली आहे. गर्भगृहाभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात सप्तमातृका बसल्या आहेत. तिथे काळोख असतो, वटवाघळांचा वास येतो, जमीन ओलसर असू शकते. टॉर्च पायांवर धरून जा.

यानंतर जेवण आणि निदान तासभर विश्रांती. बाहेर पडण्याआधी त्याच तिकिटावर परत आत घेतात का ते दारावर विचारा. जेवणाचा डबा लेण्यांच्या आसपास उघडू नका. वानरं पिशवीचा आवाज ओळखतात आणि मुलांच्या हातातला पुडा थेट ओढून घेतात. ओढलाच तर सोडून द्या, झटापटीत ओरखडे निघतात. घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर याच वेळेत घ्या, देऊळ अगदी जवळ आहे. मालोजीराजे भोसल्यांनी आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं हे ज्योतिर्लिंग, त्यामुळे सोमवारी आणि श्रावणात रांग तासांत मोजावी लागते. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, हे वडिलांना आधी सांगून ठेवा.

दुपारी दोननंतर २१ आणि २९. ही वेळ मुद्दाम सांगतो आहे. वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ही सगळी लेणी डोंगराच्याच सावलीत असतात. दुपार कलली की ऊन तिरपं आत शिरतं आणि शिल्पांना उठाव येतो. कैलास सकाळी चालतो, कारण तो वरून उघडा आहे. कड्यातल्या बंदिस्त लेण्यांना दुपारच हवी.

२१, रामेश्वर, हे पाचांतलं सर्वांत देखणं लेणं आहे असं स्पष्ट म्हणतो. काळ सहाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा, म्हणजे राष्ट्रकूटांच्या आधीचा. अंगणात उंच चौथऱ्यावर नंदी. दर्शनी भागात डावीकडे मकरावर उभी गंगा, उजवीकडे यमुना. गंगेच्या उभं राहण्यात जो बाक आहे तो पाहून मग खांबांच्या वरच्या टोकांना तोललेल्या स्त्रिया बघा. झाडाखाली कंबरेत झुकलेल्या या स्त्रिया छताचा भार उचलतात असं वाटतं, प्रत्यक्षात त्या नुसत्या शोभेच्या आहेत. आत डावीकडे पार्वतीची तपश्चर्या आणि विवाह, उजवीकडे सप्तमातृका, आणि त्यांच्याजवळच काल-काली: हाडांचे सापळे, बरगड्या मोजता येतील असे. लहान मुलं कधी कधी त्याला घाबरतात, आधी सांगून न्या. सारीपाट इथलाच सगळ्यात खेळकर आहे. दुपारी तीनला इथे अर्धा तास बसलात तर ऊन पटांवरून सरकताना दिसेल.

२९, धुमार लेणं, हिंदू लेण्यांच्या उत्तर टोकाला आहे, वेलगंगेच्या धबधब्याजवळ. चालणं बरंच आहे. जैन लेण्यांकडे जाणारी बस मिळत असेल तर २९ जवळ उतरता येईल का, हे चालकाला विचारा. पावसाळ्यात धबधबा सुंदर असतो, पण त्याच दिवसांत तिथली वाट शेवाळलेली असते आणि बंदही ठेवतात. डिसेंबरात ती अडचण नाही, पण धबधब्याची अपेक्षाही ठेवू नका. लेणं प्रचंड आहे, तीन बाजूंनी उघडं. घारापुरीचं मुख्य लेणं पाहिलेल्यांना आराखडा लगेच ओळखू येईल: चार दारांचं स्वतंत्र गर्भगृह, प्रत्येक दाराशी धिप्पाड द्वारपाल, कडेने भव्य पट. पायऱ्यांशी सिंह बसलेले आहेत. पश्चिमेच्या दाराशी अंधकासुरवध आणि कैलास हलवणारा रावण समोरासमोर आहेत. तुमच्या दिवसाचा हा शेवटचा रावण. आकाराने मोठा, अंगाने जड. कैलासातल्या शिल्पकाराला काय वेगळं करायचं होतं ते इथे उभं राहिलं की कळतं.

साडेचारच्या सुमारास पुन्हा कैलासाशी या. सहली गेलेल्या असतात आणि पश्चिमेचं ऊन गोपुरावर आणि शिखरावर पडलेलं असतं. सकाळी करड्या दिसणाऱ्या दगडात आता तांबूस झाक दिसते. सकाळी आईवडील वर गेले नसतील तर आता अंगणातच गजलक्ष्मी, गजथर आणि रावण एवढं सावकाश दाखवा. त्यांच्यासाठी अख्ख्या दिवसाचा हिशेब १६ चं अंगण, १४ आणि २१ इतकाच ठेवा. दोन मुख्य पाहण्यांमधे तासाभराचं बसणं, प्रत्येकी निदान लिटरभर पाणी आणि घडीचं छोटं स्टूल जवळ असू द्या. आतल्या ओवऱ्यांचे कट्टे थंड आणि खडबडीत असतात.

पायांत बंद, रबरी तळव्याचे बूट हवेत. असंख्य पावलांनी घासून इथला कातळ काही जागी काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. चामड्याचा तळवा त्यावर सटकतो. लेण्यांचे उंबरे उंच आहेत आणि अंधारात ठेच लागते. एप्रिल-मेमध्ये येणाऱ्यांनी पायमोजे जवळ ठेवावेत. तापलेल्या बेसाल्टवर दुपारी अनवाणी चालवत नाही.

टॉर्च वापरायचाच तर समोरून मारू नका. समोरच्या उजेडाने शिल्प सपाट होतं. हात लांब करून बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. सावल्या पडतात आणि झिजलेली बोटंसुद्धा वाचता येतात. रंग उरलेल्या छतांवर मात्र टॉर्च आणि फ्लॅश दोन्ही नको. तिपाई वापरायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ड्रोनला बंदी आहे.

कड्यावर आग्या मोहोळं असतात, हा धोका हलका समजू नका. त्यांच्या खाली आरडाओरडा, धूर, दगड मारणं हे काही करू नका आणि त्या दिवशी तीव्र अत्तर लावू नका. माश्या उठल्याच तर हात झटकत उभे राहू नका. ओढणी किंवा टॉवेलने तोंड-मान झाका आणि सरळ लांब जा. डोळ्यांजवळ किंवा बरेच डंख असतील, किंवा श्वास लागत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

गाईड घेणार असाल तर ओळखपत्र पाहून, पैसे आणि तास आधी ठरवून घ्या, आणि फक्त ही पाच लेणी सांगायची असं स्पष्ट बोला. ‘हे माणसाचं काम नाही, दगड वितळवणारं यंत्र होतं’ असं कोणी सांगू लागलं तर अर्धवट सोडलेल्या कोपऱ्यांकडे नजर टाका. छन्नीचे समांतर घाव तिथे तसेच आहेत. ते घालणाऱ्या पाथरवटांचं श्रेय यंत्राला देणं मनाला पटत नाही.

कैलासात नित्य पूजा चालत नाही, पण लोक श्रद्धेने हात जोडतात, तुम्हीही जोडा. दूध, तेल, हळदकुंकू, नाणी मात्र वाहू नका. तेल दगडात मुरतं, त्यावर धूळ बसून काळा थर धरतो आणि तो काढताना कोरीवकामाची वरची कड जाते. हात लावण्यानेही तेच होतं. जिथे सगळे हात लावतात त्या जागा काळ्या, तुकतुकीत झालेल्या दिसतील. तिथे मूळ छन्नीची धार उरलेली नाही. मुलांना त्या जागा बोटाने दुरूनच दाखवा. स्मारकाची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भिंतीवर नाव कोरणंही त्यातच येतं.

पाच वाजून गेले की रक्षक शिट्ट्या वाजवायला लागतात. आईवडिलांना त्याच्या पंधरा मिनिटं आधीच दाराकडे निघू द्या. घाटातला अंधार पडण्याआधी शहर गाठायचं असेल तर साडेपाचला गाडी सुरू झालेली हवी.